चॉकलेटची पारख : देशोदेशीचे बार आणि मुंबईकरांची जीभ

वाण्याकडे सुटे पैसे नसले की तो बरणीत हात घालून दोन गोळ्या गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवीत असे, आणि त्या गोळ्यांना मुंबईच्या मराठी घरांत बिनदिक्कत 'चॉकलेट' म्हटले जाई. वाढदिवसाला शाळेत वाटायचे तेही चॉकलेटच; मग ती गोळी रावळगावची असो, पार्ल्याची असो, की लिमलेटची असो. तिच्यात कोकोचा अंशही नसला तरी कोणाची तक्रार नसे. खऱ्या चॉकलेटच्या वडीला मात्र वेगळे नाव होते, ते म्हणजे 'कॅडबरी'. दुसऱ्या कंपनीची वडी हवी असली तरी 'एक कॅडबरी द्या' असेच म्हटले जाई. ज्यात कोको नाही त्याला चॉकलेट म्हणायचे आणि ज्यात आहे त्याला एका कंपनीच्या नावाने ओळखायचे, असा हा भाषेचा गमतीदार व्यवहार गिरगावपासून दादरपर्यंत वर्षानुवर्षे चालत आला.

आता परिस्थिती पालटली आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या गाळ्यांत, लोअर परळच्या मॉलमध्ये आणि दादरच्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानातही स्वित्झर्लंड, बेल्जियम, जर्मनी, अमेरिका, जपान, तुर्कस्तान आणि आखाती देशांतील बार शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. किंमत दहा रुपयांपासून कित्येक शे रुपयांपर्यंत. महाग ते उत्तम आणि परदेशी ते अस्सल, अशी समजूत करून घेणे सोपे असते. पण ती दर वेळी खरी ठरत नाही. चहा, आंबा किंवा बासमती यांची पारख जशी शिकता येते, तशीच चॉकलेटचीही शिकता येते. त्यासाठी लागणारी माहिती आणि घरच्या घरी निरनिराळ्या देशांचे बार चाखून त्यांना गुण देण्याची रीत येथे दिली आहे.

मुंबईत चॉकलेट आले ते असे

कोकोची झाडे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांच्या पट्ट्यात वाढतात. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे त्या पट्ट्याच्या काठावर आहे. तरीही येथे चॉकलेट आले ते शेतातून नव्हे, तर बोटीतून. ब्रिटनच्या कॅडबरी कंपनीने १९४८ साली मुंबईत आपली भारतीय शाखा स्थापन केली आणि प्रथम आयात केलेला माल विकण्यापासून सुरुवात केली. पुढे ठाण्यात कारखाना उभा राहिला आणि त्यावरून 'कॅडबरी नाका' हे नाव ठाणेकरांच्या तोंडी रुळले. कंपनीचे मुख्यालय कित्येक दशके भुलाभाई देसाई मार्गावरील 'कॅडबरी हाऊस'मध्ये होते. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने मूळ ब्रिटिश कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये त्या व्यवसायाचे नाव मोंडलीझ झाले आणि २०१४ मध्ये भारतीय कंपनीचेही नामांतर झाले. त्यानंतर वेष्टनांवर परळचा पत्ता छापला जाऊ लागला. जेथे एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत त्या जमिनीवरील मनोऱ्यात चॉकलेट कंपनीचे कार्यालय यावे, हा गिरणगावाच्या बदलाचाच एक पुरावा म्हणावा लागेल.

खास मराठी मुलखातील गोड गोळीचा इतिहासही जुना आहे. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे १९३३ मध्ये साखर कारखाना उभारला आणि त्यातूनच पुढे रावळगावच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. 'पान पसंद'सारख्या या गोळ्यांची नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेली. गुजरातच्या दूध उत्पादकांच्या सहकारी संघाने 'अमूल' चॉकलेट बाजारात आणले ते १९७० च्या दशकात. कर्नाटक व केरळमधील सुपारी आणि कोको उत्पादकांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना काढला. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्राला या दोन्ही नावांविषयी आपलेपणा वाटला तर नवल नाही.

परदेशी बार मात्र दीर्घकाळ दुर्मिळ होते. दुबई, मस्कत किंवा कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्या काकांच्या बॅगेतून त्रिकोणी 'टॉब्लरोन' आणि 'क्वालिटी स्ट्रीट'चा डबा निघे. चॉकलेट संपल्यावर तो डबा सुई-दोऱ्यासाठी वापरला जाई. ज्यांचे कोणी आखातात नव्हते त्यांच्यासाठी मुसाफिरखाना, क्रॉफर्ड मार्केट आणि हाजीअलीचे हिरा पन्ना ही ठिकाणे होती. १९९१ नंतर आयात टप्प्याटप्प्याने खुली झाली, एप्रिल २००१ मध्ये उरलेल्या वस्तूंवरील परिमाणात्मक निर्बंध उठले आणि परदेशी चॉकलेट राजरोसपणे दुकानांच्या दर्शनी भागात आले.

चॉकलेट म्हणावे कशाला?

चाखण्यापूर्वी हा प्रश्न सोडविला पाहिजे, कारण त्याचे उत्तर देशागणिक बदलते. कोकोच्या शेंगेतील बिया गरासकट काही दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात, पाखडून टरफले काढतात आणि दळतात. त्यातून जो घट्ट लगदा निघतो त्यात निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ असतो. तेच कोको बटर. उरलेल्या कोरड्या भागात चॉकलेटचा रंग, कडवटपणा आणि बराचसा गंध असतो. या दोहोंत साखर, आणि दुधी चॉकलेट असेल तर दुधाची भुकटी मिसळून वडी तयार होते.

यांपैकी कोको बटर हा सर्वांत महाग घटक. त्याच्याऐवजी स्वस्त वनस्पती तेल वापरण्याचा मोह कारखानदारांना होतो आणि जगभरचे वाद तेथूनच सुरू होतात. ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क १९७३ मध्ये युरोपीय समुदायात आले तेव्हा त्यांच्या चॉकलेटमध्ये इतर वनस्पती स्निग्ध घालण्याची प्रथा होती. बेल्जियम व फ्रान्ससारख्या देशांना ती मान्य नव्हती. हा 'चॉकलेटचा तंटा' जवळजवळ तीन दशके चालला. अखेर २००० सालच्या युरोपीय निर्देशाने पाच टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक वनस्पती स्निग्धांना परवानगी दिली, मात्र वेष्टनावर तसे छापणे बंधनकारक केले. तरीही इटली व स्पेनने अशा वडीला 'चॉकलेटचा पर्याय' म्हणण्याचा आग्रह धरला आणि २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला.

त्या सहा स्निग्धांची यादी मराठी माणसाने जरूर पाहावी. पाम, शिया, इलिपे आणि साल यांच्या जोडीला त्यात आंब्याच्या कोयीतील स्निग्ध आहे आणि कोकमाचेही आहे. पाय फुटले की आजी जे कोकमाचे तेल चुलीवर वितळवून टाचांना चोळीत असे, त्याच कोकमाच्या बियांतील स्निग्धाला युरोपच्या चॉकलेटमध्ये कायद्याने प्रवेश आहे. कारणही शास्त्रीय आहे : हे स्निग्ध कोको बटरपेक्षा अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे उष्ण हवेत वडीला बळकटी येते.

आता आकडे पाहू. युरोपीय निर्देशानुसार दुधी चॉकलेटमध्ये कोकोचा एकूण घन भाग, कोको बटरसह, किमान २५ टक्के हवा आणि गडद चॉकलेटमध्ये किमान ३५ टक्के. ब्रिटन व आयर्लंडला त्यांच्या दूधबहुल चॉकलेटसाठी २० टक्क्यांची सवलत मिळाली. अमेरिकेत दुधी चॉकलेटला दळलेल्या कोकोचा लगदा १० टक्के असला तरी चालतो, पण कोको बटरखेरीज दुसरे वनस्पती स्निग्ध चालत नाही. भारताच्या २०११ च्या नियमावलीत दुधी चॉकलेटसाठी एकूण स्निग्ध किमान २५ टक्के, दुधातील स्निग्ध २ टक्के आणि स्निग्धविरहित कोको २.५ टक्के अशी मोजणी आहे. हा २.५ चा आकडा युरोपच्या २५ शेजारी ठेवून हळहळण्याचे कारण नाही, कारण एक मोजणी कोको बटर वगळून आणि दुसरी ते धरून केलेली आहे. आपल्याकडे पूर्वी इतर वनस्पती स्निग्धांना मनाई होती. पुढे पाच टक्क्यांपर्यंत मुभा देण्यात आली.

वेष्टन वाचण्याची सवय

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिले नाव साखरेचे असेल, तर त्या वडीत सर्वांत अधिक साखरच आहे. बहुतेक दुधी चॉकलेटची गत हीच असते. यादीत कोको बटर व कोको मास असेल तर ते चॉकलेट. त्यांच्या जागी हायड्रोजनीकृत वनस्पती तेल व कोको पावडर असेल, तर ते 'कंपाऊंड'. अशा वस्तूंच्या नावात 'चॉको' किंवा 'चॉकलेटी' अशी शब्दयोजना आढळते; 'चॉकलेट' हा पूर्ण शब्द बऱ्याचदा टाळलेला असतो. यादीतील ३२२ हा क्रमांक लेसिथिनचा आणि ४७६ हा मिश्रण पातळ करणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचा. दोन्ही परवानगी असलेली आहेत, परंतु ४७६ पाहिला की कोको बटरची काटकसर झाली असण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

शाकाहारी घरांसाठी ठिपका महत्त्वाचा. भारतात २००१ पासून शाकाहारी पदार्थांवर हिरवे चिन्ह सक्तीचे आहे. टॉब्लरोनच्या नूगामध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, हे आखाती भेटीच्या काळात कोणाच्या गावीही नव्हते. कित्येक सोवळ्या घरांत ते चॉकलेट चतुर्थीच्या दिवशीही खाल्ले गेले असेल! स्निकर्सच्या मूळ कृतीतही अंडे आहे. भारतासाठी मात्र तो बिनअंड्याचा बनविला जातो. नाव एकच असले तरी देश बदलला की कृती बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आयात केलेल्या बारवर आयातदाराचे नाव व पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक, कमाल किंमत आणि मुदतीची तारीख असलेली चिकटपट्टी असावी लागते. ती नसेल, तर माल कोणत्या वाटेने आला आणि वाटेत किती तापला हे सांगता येत नाही. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या परदेशी बारची मुदत संपत आलेली आहे काय, हेही पाहावे.

मुंबईची हवा आणि चॉकलेट

कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी बनू शकतात. त्यांपैकी पाचवा प्रकार हवा असतो. त्याने वडीला चकाकी येते, ती कट्कन मोडते आणि साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे जिभेवर ठेवताच, वितळते. हाच प्रकार मिळावा म्हणून कारखान्यात चॉकलेट ठरावीक तापमानांतून खालीवर नेतात. त्याला टेंपरिंग म्हणतात. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान याच आकड्याच्या आसपास असते. वडी एकदा वितळून पुन्हा गोठली की स्फटिकांची घडी विसकटते, कोको बटर पृष्ठभागावर येते आणि पांढरट थर दिसू लागतो. ही बुरशी नव्हे. खाल्ल्याने अपाय होत नाही, पण पोत बिघडलेला असतो. अशा वडीला गुण देणे म्हणजे बनविणाऱ्याला नव्हे, तर वाहतूक करणाऱ्याला गुण देणे ठरेल.

फ्रिज हा अर्धाच उपाय आहे. त्यातून काढलेली थंड वडी दमट हवेत लगेच उघडली, तर तिच्यावर दव साचते, साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरे डाग राहतात. म्हणून वडी हवाबंद डब्यात ठेवावी आणि चाखण्यापूर्वी तासभर डबा न उघडता बाहेर काढून ठेवावा. दुसरी अडचण खास आपली आहे. कोको बटर आसपासचे वास शोषून घेते. ज्या फ्रिजमध्ये लसणाची चटणी, सोललेला फणस किंवा सुकटीचा डबा आहे, त्यात उघडे ठेवलेले स्विस चॉकलेट दोन दिवसांत स्विस राहत नाही. लालबागच्या मसाल्याच्या खरेदीबरोबर एकाच पिशवीत चॉकलेट आणू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

साठवणुकीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे ऑक्टोबर २००३ मध्ये दिसले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला तेव्हा मुंबईत विक्रीस असलेल्या कॅडबरीच्या काही वड्यांत अळ्या आढळल्या. दोष कारखान्याचा की दुकानातील साठवणुकीचा, यावर वाद झाला आणि ऐन दिवाळीत विक्रीला फटका बसला. जानेवारी २००४ मध्ये कंपनीने अधिक घट्ट मोहोरबंद असे नवे वेष्टन आणले. वेष्टन हे केवळ शोभेचे नसते, हा धडा ग्राहकालाही त्यातून मिळाला. सैल किंवा फाटलेली चांदी असलेली वडी परत करावी.

चाखण्याची बैठक

बैठकीसाठी डिसेंबर-जानेवारीची सकाळ उत्तम. एरवी वातानुकूलित खोली हवी. तापमान २० ते २२ अंश असावे. चारपाच माणसे आणि पाच ते सहा बार पुरेत. त्याहून अधिक झाले की जीभ थकते. आधी तासभर चहा, तंबाखू, पान आणि तिखट वर्ज्य. मिसळ खाऊन आलेल्या परीक्षकाचे मत नोंदवू नये. घरात उदबत्ती आणि फोडणीही थोडा वेळ थांबवावी.

तुलना सारख्याची सारख्याशी व्हावी. दुधी चॉकलेट एका बैठकीत, गडद दुसऱ्या बैठकीत. गडद चॉकलेट कमी टक्क्यांकडून अधिक टक्क्यांकडे चाखावे, कारण कडवटपणा मागे रेंगाळतो. दोन नमुन्यांच्या मध्ये कोमट पाणी प्यावे आणि काही बेचव पदार्थ खावा. आंतरराष्ट्रीय चॉकलेट स्पर्धांत परीक्षक त्यासाठी मक्याच्या भरड पिठाची अळणी लापशी वापरतात. आपल्याकडे बिनमिठाचा मऊ भात, चुरमुरे किंवा पावाचा मऊ भाग तेच काम करतो.

नाव कळले की जीभ खोटे बोलू लागते. म्हणून एकाने स्वयंपाकघरात वेष्टने काढून प्रत्येक बारचे साधारण पाच ग्रॅमचे तुकडे करावेत आणि ताटल्यांवर केवळ क्रमांक ठेवावेत. वडीवर कंपनीचे नाव उठविलेले असते. तो भाग सुरीने खरवडून टाकावा. टॉब्लरोन आकारावरून ओळखू येतो, म्हणून त्याच्या चकत्या कराव्यात. गुणपत्रिका भरून होईपर्यंत कोणी कोणाशी बोलू नये. घरातील वडीलधाऱ्यांनी 'हे परदेशी दिसते' म्हटले की सुनेचे गुण आपोआप वाढतात, असा अनुभव येणे अशक्य नाही!

शंभर गुणांचा तक्ता

रूप, १० गुण : पृष्ठभाग चकचकीत व एकसारखा हवा. बुडबुडे, चरे व पांढरट थर यांना गुण कमी.

मोड, १० गुण : कानाजवळ धरून तुकडा मोडावा. गडद चॉकलेट स्पष्ट आवाज करून मोडते, दुधी थोडे मऊ मोडते. वाकणारा तुकडा तापलेला तरी असतो किंवा कंपाऊंडचा तरी.

गंध, २० गुण : तुकडा बोटांत क्षणभर धरून ऊब द्यावी व मग हुंगावा. भाजलेले दाणे, मध, सुकी फळे, लाकूड, ताजे दूध असे वास शोधावेत. फक्त व्हॅनिलाचा वास येत असेल, तर खाली काही झाकलेले नाही ना, असा संशय घ्यावा. धुरकट वास बहुधा बिया धुराच्या आचेवर वाळविल्याचा असतो.

पोत, २० गुण : तुकडा चावू नये, जिभेवर ठेवून विरघळू द्यावा. सुमारे ३० मायक्रॉनहून मोठे कण जिभेला जाणवतात. चांगल्या कारखान्यात ते २० च्या आसपास आणले जातात. विरघळल्यानंतर टाळूला मेणासारखा लेप राहिला, तर ते कोको बटर नव्हे, असे समजावे.

चव, ३० गुण : गोड, कडू, आंबट यांचा तोल पाहावा. चव एकदम येऊन संपते, की सुरुवात, मध्य व शेवट अशी उलगडत जाते, याला महत्त्व द्यावे.

मागे राहणारी चव, १० गुण : गिळल्यानंतर मिनिटभराने तोंडात काय उरले आहे, ते लिहावे. केवळ साखर उरली असेल, तर पाचाहून अधिक गुण देऊ नयेत.

परीक्षक पाच किंवा अधिक असतील तर प्रत्येक नमुन्याचे सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढावी. किंमत शेवटी उघड करावी आणि दर शंभर ग्रॅमला किती रुपये पडले, हे गुणांशेजारी लिहावे. लहान बारची छापील किंमत फसवी असते.

देशोदेशीच्या चवी

स्वित्झर्लंड : दुधी चॉकलेटचा जन्म येथे झाला. डॅनिएल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास दूध व चॉकलेट यांचा मेळ घातला आणि रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ मध्ये मिश्रण तासन् तास घोटण्याची युक्ती शोधली. त्यामुळे स्विस बार पोताच्या गुणांत सहसा पुढे राहतो. गडदपणाची अपेक्षा करणाऱ्याला तो अतिदुधाळ वाटतो. आपल्या नावाविषयी हा देश फार काटेकोर आहे. टॉब्लरोनचे काही उत्पादन स्लोव्हाकियात नेण्याचे ठरल्यावर २०२३ मध्ये वेष्टनावरील मॅटरहॉर्न शिखराचे चित्र काढावे लागले.

बेल्जियम : याची कीर्ती बारपेक्षा आत सारण भरलेल्या प्रालिनमुळे आहे. ते १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या नॉयहाउस यांनी प्रचारात आणले. बार घेतला तर कोकोचा ठसा स्विसपेक्षा ठळक जाणवतो.

ब्रिटन : १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने साच्यातील पहिली खाण्याची वडी बनविली, तोपर्यंत चॉकलेट मुख्यतः प्यायचे पेय होते. १९०५ मध्ये डेअरी मिल्क आले. ब्रिटिश पद्धतीत दूध व साखर कोकोबरोबर आटवून त्याचा चुरा करतात. त्यामुळे आटीव दुधाची, थोडी करपलेल्या साखरेची चव येते. बासुंदीच्या खरवडीची आवड असलेल्या मराठी जिभेला ती परकी वाटत नाही. आपल्याकडे चॉकलेटची मूळ कल्पनाच ब्रिटिश वळणाने घडलेली आहे, हे गुण देताना ध्यानात ठेवावे.

अमेरिका : १९०० मध्ये आलेल्या हर्शीच्या मूळ बारमध्ये एक आंबूस झाक असते. दुधातील स्निग्धाचे अंशतः विघटन झाल्याने ब्युटिरिक आम्ल तयार होते, त्याची ती चव. अमेरिकेत वाढलेल्याला तीच खरी वाटते, इतरांना दूध नासल्याचा भास होतो. न्यू जर्सीहून आलेला भाचा आणि गिरगावातले आजोबा यांचे गुण या नमुन्यावर हमखास जुळत नाहीत.

जर्मनी व इटली : जर्मनीचा 'रिटर स्पोर्ट' १९३२ पासून चौकोनी आहे, खिशात मावावा आणि मोडू नये, हा हेतू. इटलीत तुरीनचे हेझलनट मिसळलेले जांदूया मऊ व दाणेदार गंधाचे असते. सिसिलीतील मोदिका गावचे चॉकलेट मात्र कमी तापमानावर बनवितात, त्यामुळे साखरेचे कण दाताखाली येतात. २०१८ मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले. खरखरीतपणा तेथे दोष नसून ओळख आहे. पोताचे गुण डोळे मिटून कापू नयेत, ते यासाठी.

जपान : मेजी कंपनीचे दुधी चॉकलेट १९२६ पासूनचे. 'किटकॅट' हा मूळचा यॉर्कच्या राउन्ट्री कंपनीचा १९३५ चा बार; जपानीत 'नक्की जिंकशील' अशा अर्थाच्या शब्दांशी नाव जुळल्याने तो तेथे परीक्षेला बसणाऱ्यांना भेट दिला जातो. 'रॉईस'चे मलईयुक्त नामा चॉकलेट लोअर परळच्या पॅलेडियममध्ये २०१३ मध्ये आले. ते शीतपेटीतच ठेवावे लागते आणि बारच्या तक्त्यात बसत नाही. त्याची बैठक स्वतंत्र घ्यावी.

आखात : दुबईत बनणारा 'गॅलक्सी' हा मऊ, अतिगोड आणि आपल्याकडे अतिपरिचित. पिस्ते आणि कुनाफाच्या कुरकुरीत शेवया भरलेला 'दुबई चॉकलेट' हा प्रकार २०२१ मध्ये तेथे निघाला, २०२३ च्या अखेरीपासून जगभर गाजला आणि त्याच्या नकला सर्वत्र झाल्या. नकलेची परीक्षा सोपी आहे : सारण बाजूला करून बाहेरचे कवच एकटे चाखावे. तेथे टाळूला मेण लागले, तर पैसे पिस्त्याच्या रंगाचे गेले.

भारत : मोठ्या कंपन्यांचे दुधी बार गोडाकडे झुकणारे आणि उष्णता सोसणारे असतात. अमूलचे गडद बार किमतीच्या मानाने चांगली बाजू मांडतात. गेल्या दशकभरात आणखी एक वर्ग उदयाला आला आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र व कर्नाटकातील शेतांतून बिया घेऊन स्वतः भाजून-दळून बार करणारे छोटे कारखानदार. ऑरोव्हिलचे 'मेसन अँड को', म्हैसूरचे 'नविलुना', कोचीचे 'पॉल अँड माइक' आणि मुंबईचे 'पास्कती' ही त्यांतील काही नावे. दक्षिण भारतीय कोकोत फळासारखा आंबटपणा आढळतो. पहिल्या घासाला तो खटकतो, तिसऱ्या घासाला आवडू लागतो. कोकम-आमसुलावर वाढलेल्या जिभेला हे अवघड नाही.

चॉकलेट मोदकाचे काय?

गणेशोत्सवात गिरगाव, दादर व लालबागच्या मिठाईच्या दुकानांत चॉकलेट मोदकांची आरास असते. त्यांतील पुष्कळसे कंपाऊंडचे किंवा खव्यात कोको पावडर घालून केलेले असतात. भाद्रपदातील दमट उकाड्यात, आरतीच्या दिव्यांपुढे तासभर ठेवलेला कोको बटरचा मोदक टिकणार नाही, ही व्यावहारिक अडचण खरी आहे. कंपाऊंडला टेंपरिंग लागत नाही, म्हणून घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिलांनाही ते सोयीचे पडते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते कंपाऊंडला चॉकलेटचे नाव व चॉकलेटची किंमत लावणे. दुकानदाराला 'यात कोको बटर आहे का?' असा साधा प्रश्न विचारावा. नैवेद्यासाठी खव्याचा मोदक घेणे अधिक प्रामाणिक आणि बहुधा अधिक चविष्ट ठरते.

किंमत कोणाच्या पदरात?

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत पिकतो. तेथे पीक घटल्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. पुढे तो उतरला. भाव चढला तेव्हा अनेक बार वेष्टन तेच ठेवून वजनाने लहान झाले. तेथील शेतांवर बालमजुरांचा वापर थांबविण्यासाठी उद्योगाने २००१ मध्ये करार केला, परंतु प्रश्न संपलेला नाही. बारवर शेताचे किंवा जिल्ह्याचे नाव छापलेले असेल, तर निदान विचारण्याची सोय होते, हा छोट्या भारतीय कारखानदारांचा एक मोठा गुण म्हणता येईल.

देशात २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघाशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आल्याने स्विस चॉकलेटवरील आयातशुल्कही टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. म्हणजे परदेशी व देशी बारमधील दरी आटेल आणि निवड अधिकाधिक जिभेवर सोपविली जाईल. गुणपत्रिका भरायला याहून योग्य काळ नाही.

एक सूचना राहिली. नावे उघड केल्यानंतर पहिला आलेला बार बहुतेक वेळा घरच्यांच्या अंदाजापेक्षा निराळा निघतो. कधी तो अपेक्षेपेक्षा स्वस्त असतो, कधी आजवर न ऐकलेला. तेव्हा हरलेल्या बारचे उरलेले तुकडे फेकू नयेत. दुधात टाकून उकळावेत आणि चाळीतल्या मुलांना बोलवावे. त्यांच्या लेखी तेही चॉकलेटच.